कवळीचा स्क्रू सैल कां होतो?

ठाण्यास १८५३ सालीं आणि कल्याणास १८५४ सालीं आगगाडी पोंचली. त्या मार्गावरील रुळांच्या सांध्यांचे बोल्ट गाड्यांच्या हादऱ्यांनीं सैल होतात. ते तपासून आंवळावेच लागतात. जबड्याच्या हाडांत टिटेनियमचे खुंट रोवून त्यांवर स्क्रूनें जखडलेल्या कवळीचीहि गत तीच. हादरे मात्र चावण्याचे.

स्क्रू आंवळला कीं तो किंचित् ताणला जातो, आणि त्या ताणानेंच दोन भाग घट्ट धरले जातात. म्हणून दंतवैद्यानें हाताच्या अंदाजावर न विसंबतां जोर मोजणाऱ्या पान्यानें तो आंवळावा. एवढ्यानें भागत नाहीं. धातूवरील सूक्ष्म उंचवटे दबले कीं ताण थोडा उतरतो; यास्तव सुमारें १० मिनिटांनीं तो पुन्हां आंवळणें इष्ट. खुर्चीवरच्या रोग्यास हीं मिनिटें उगाच वाटतात खरीं!

सांगाडा खुंटांवर सहज बसला पाहिजे. स्क्रूनें ओढून बसविलेला सांगाडा सदैव स्क्रूशीं भांडत राहतो. मागें निराधार लांबविलेले दांतहि तरफेसारखे त्यास उचकटतात. झोपेंत दांत खाणाऱ्यांनीं रात्रीं रक्षक पट्टी घालावी.

कवळी डुगडुगली म्हणजे खुंटच निसटला असें नव्हे. परंतु तिनें चावणें थांबवून ती सत्वर दंतवैद्यास दाखवावी. सैल स्क्रू मोडतो, आणि मोडका तुकडा खुंटांतून काढणें मोठें जिकिरीचें असतें.