औषधाच्या चाचणीचा खर्च कोण करतो?

(हुडको, भिलाई येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी आपला एक ट्रॅकमन युनियनच्या कचेरीत आला. बायको आजारी होती. हातात नव्या औषधाच्या चाचणीचे संमतिपत्र, सगळे इंग्रजीत. "भाऊ, सही करू की नको?" चार्जशीटची उत्तरे लिहिण्यात आमची उमर गेली, पण त्या कागदापुढे आम्ही गप्प बसलो. तेव्हापासून आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, की या चाचणीचा खर्च कोण करतो?

बहुतेक नव्या औषधांचा खर्च कंपन्याच करतात. तो त्यांनी केला नसता तर कितीतरी औषधे आपल्यापर्यंत आलीच नसती, हे कबूल केले पाहिजे. पण निकालही तेच सांगणार. मर्क कंपनीची व्हायॉक्स ही सांधेदुखीची गोळी घ्या. २००० साली कंपनीच्याच चाचणीत ती घेणाऱ्यांना हार्ट अटॅक जास्त आले. कंपनी म्हणाली, दोष आमच्या गोळीचा नाही, तुलनेची गोळीच हृदयाला जपते! व्हायॉक्स मागे घेतली ती २००४ साली.

आता आपल्या परळचे टाटा हॉस्पिटल पाहा. दुर्गहून मुंबई मेल धरून आपली कितीतरी माणसे तिथे जातात. हे हॉस्पिटल केंद्राच्या अणुऊर्जा खात्याचे. तिथल्या डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक साधी गोष्ट तपासायला घेतली. दात काढताना बधिर करायला देतात ते लिग्नोकेन, स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती टोचायचे. ऑपरेशनच्या वेळी गाठीतल्या पेशी अंगात पसरू नयेत, हा विचार. देशातली ११ केंद्रे, १६०० बायका. निम्म्यांना इंजेक्शन दिले, बाकींना नाही. इतर उपचार सारखेच. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांत शंभरातल्या ९० हयात होत्या, न घेतलेल्यांत ८६. हा निकाल २०२३ मध्ये छापून आला. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आत, आणि चाचणीला पैसा अणुऊर्जा खात्याचा, म्हणजे तुमच्याआमच्या कराचा.

एका चाचणीने सगळे ठरत नाही; इतरत्रही पडताळून पाहायला हवे. पण ज्या औषधाचे पेटंट कधीच संपले, त्यासाठी कुठली कंपनी दहा-बारा वर्षे पैसा लावील? म्हणून सरकारी संशोधनाचा निधी ही आपल्या मागण्यांच्या यादीतली बाब आहे, महागाई भत्त्याच्या बरोबरीची.

२००९ पासून प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. त्यात पैसा कोणाचा ते लिहिलेले असते, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे रोग्याला समजेल त्या भाषेत माहिती द्यावी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. मधूनच नाही म्हणायचाही हक्क आहे.

त्या ट्रॅकमनने सही केली नाही. बरोबर केले की चूक, आम्हाला आजही सांगता येत नाही. पण असा कागद पुन्हा कोणाकडे आला, तर सहीआधी तो घेऊन कचेरीत या. संध्याकाळी सहानंतर आम्ही तिथेच असतो. नोंद बसून पाहू.