घरच्या औषधाचे प्रमाण

या संमेलनासाठी जमलेले डॉक्टर, वैद्य, परिचारिका, आशाताई व आरोग्यावर लिहिणारे मित्रहो,

आरोग्याच्या व्यासपीठावरून मोठ्या रोगांवर, मोठ्या शस्त्रक्रियांवर आणि मोठ्या खर्चांवर पुष्कळ बोलले जाते. आज मी लहान वाटणाऱ्या प्रश्नांवर बोलणार आहे. बाळाला गुटी द्यावी का? खोकल्याला मध चालेल का? जुलाबात खाणे बंद करावे का? तापाचे औषध पुन्हा किती वेळाने द्यायचे? घराघरांत रोज विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नांना आपल्याकडून बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘घरचेच आहे, काही होत नाही.’ दुसरे, ‘असले काही करू नका.’ दोन्हींतून विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आपल्या भाषेत ‘प्रमाण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, पुरावा आणि माप. मला जे सांगायचे आहे ते या एका शब्दात मावते. उपाय स्वयंपाकघरातून आला की कारखान्यातून, हे नंतर पाहू. आधी त्याला दोन्ही अर्थांनी प्रमाण आहे का, ते विचारू. पुरावा नसेल तर विश्वास कशावर ठेवायचा? आणि माप नसेल तर पुरावा असलेले औषधही घात करते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मीठ, साखर आणि पाणी यांचे आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे रुग्णांची रीघ होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. त्यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून पिंपांत भरून ठेवले. ते रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाईकांनी केले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. यामागचे कारण आधीच्या दशकात उलगडले होते: आतड्याच्या पेशी साखरेबरोबर मिठातला सोडियम आत ओढून घेतात, त्यामागोमाग पाणी जाते, आणि पटकीतही ही वाट बंद होत नाही. म्हणजे जीवरक्षक औषध घराच्या फडताळातच होते. ते औषध झाले मापामुळे. साखर जास्त पडली तर ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त पडले तर बाळाच्या रक्तातला सोडियम वाढून झटके येऊ शकतात. म्हणून घरी करायच्या कृतीत लिहिलेले असते: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. यातला ‘सपाट’ हा शब्द सर्वांत मोलाचा आहे. शिगोशीग भरलेला चमचा बोटाने वरून सारखा करणे, एवढ्या एका हालचालीवर त्या पेल्याचा गुण अवलंबून असतो. पुढे पुरावा वाढला तसे मापही सुधारले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये पाकिटातले साखर-मिठाचे प्रमाण आणखी कमी केले.

काही जण म्हणतील, ही कसोटी बाहेरची आहे, परंपरेला ती का लावता? माझे म्हणणे असे की ती परंपरेतलीच आहे. चरकसंहितेत परीक्षेची चार साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. त्याच ग्रंथात मापात खाण्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि औषधाच्या मापाला आयुर्वेदात ‘मात्रा’ असा नेमका शब्द आहे. गुटीकडेच पाहा. हळकुंड, सुंठ, बाळहिरडा, मुरडशेंग, जायफळ, वेखंड हे जिन्नस सहाणेवर पाण्यात किंवा दुधात उगाळायचे, आणि कशाचे किती वेढे द्यायचे ते बाळाच्या वयावर ठरलेले असायचे. वेढा हे माप होते. जायफळाचा एखादा वेढा जास्त झाला तर बाळ गुंगते, हे उगाळणाऱ्या बाईला ठाऊक असे. आज तीच गुटी पूड होऊन बाटलीत येते आणि चमच्याने दिली जाते तेव्हा जिन्नस उरतात, वेढ्यांचे माप हरवते. मात्र माप सांभाळले म्हणून पुराव्याचा प्रश्न सुटत नाही. वेखंडातल्या बीटा-अ‍ॅसरोन या घटकाबद्दल गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत. शिवाय पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, या सल्ल्यामागे देशोदेशींचा भक्कम पुरावा आहे. त्या वयात गुटी देऊ नये असे मी म्हणतो ते परंपरेचा अनादर म्हणून नव्हे. माप जपणाऱ्या त्या बायकांच्या हाती हा पुरावा असता, तर त्यांनीही तोच निर्णय घेतला असता.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो: शेकडो वर्षे लोक घेत आले, ते काय उगाच? उगाच नक्कीच नाही. अनुभवातून प्रश्न मिळतो आणि त्याचे उत्तर परीक्षेतून मिळते. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्या. जगभर त्या मुळीकडे लक्ष गेले आणि १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. जास्त मात्रेत हे औषध काही रुग्णांना खोल नैराश्यात नेते, हेही पुढे नोंदींतूनच कळले. परीक्षेने परंपरेचा मान वाढवला आणि धोकाही दाखवला. मधाचेही तसेच आहे. वर्षावरील मुलांच्या खोकल्याला मधाने आराम पडतो असे अभ्यासांत दिसले आहे. वर्षाखालील बाळाला मात्र मधातल्या जंतुबीजांमुळे बॉट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. त्याच मधाला वय बदलले की उत्तर बदलते.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ हा तिसरा आक्षेप. दुधी भोपळ्याच्या कडू रसाने झालेल्या मृत्यूंनंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला तज्ज्ञ समिती नेमावी लागली. कडू लागलेला रस पिऊ नये, ताबडतोब टाकून द्यावा, हा तिचा सल्ला. दुधी कडू होतो तो कुकुर्बिटॅसिन या त्याच्याच विषामुळे, आणि ते निसर्गानेच त्यात घातलेले असते. म्हणजे जिभेने दिलेली सूचना बरोबर होती. ‘कडू ते गुणकारी’ या समजुतीने ती झाकली गेली.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: डॉक्टरांची औषधे तरी कुठे निर्धोक आहेत? हा प्रश्न रास्त आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यामागच्या साखळीची चौकशी केली. म्हणून ही कसोटी मी दोन्हीकडे सारखीच लावतो. मुलांच्या तापावरचे पॅरासिटामॉल घ्या. त्याची मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोमागे साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. पण थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरच्या चमच्यात १२५ किंवा २५०. थेंबांचे औषध चमच्याने दिले गेले, तर मोठ्या कंपनीचे, परवान्याचे, चाचण्यांतून गेलेले औषधही यकृतावर उठते. तेव्हा चिठ्ठीवर घाईने ‘एक चमचा तीनदा’ लिहून मोकळे होणारे आपण, माप न सांगणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा फार वेगळे नाही, हे आपण मान्य केले पाहिजे.

शेवटची शंका अशी की सामान्य घराला एवढी शिस्त झेपेल का? याचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन करणे, मिनिटाला श्वास किती ते मोजणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास उपचार सुरू करणे हे काम त्या झोपडीत बसून करू लागल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. घर हे विज्ञानाला अडचणीचे ठिकाण आहे, हा समज त्या बायकांनी पुसून टाकला. त्यांच्या हाती माप आणि विश्वास दोन्ही दिले गेले होते.

म्हणून या संमेलनातून जाताना आपण एक सवय बरोबर न्यावी, अशी माझी विनंती आहे. कोणत्याही उपायाबद्दल लिहिताना किंवा सांगताना चार गोष्टी सांगितल्याशिवाय थांबू नये: किती, कोणाला, किती दिवस, आणि कोणते लक्षण दिसताच घरचे थांबवून दवाखाना गाठायचा. जुलाबाच्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी द्या असे लिहाल, तर स्तनपान आणि खाणे चालू ठेवा हेही लिहा. आणि बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, शौचात रक्त आले किंवा सहा तासांत लघवी झाली नाही तर निघा, हेही त्याच परिच्छेदात लिहा. यातले एखादे उत्तर आपल्याला ठाऊक नसेल तर उपाय सांगू नये. ‘थोडेसे’, ‘अधूनमधून’, ‘चवीपुरते’ हे शब्द भाजीच्या कृतीत शोभतात, औषधाच्या कृतीत नाहीत. रात्री तापलेले मूल मांडीवर घेऊन एखादी आई ‘किती देऊ?’ असे विचारते, तेव्हा तिने अर्धे वैद्यकशास्त्र विचारलेले असते. तिला चमच्यात मोजता येईल असे उत्तर देणे हे आपले काम आहे.