मतदारसंघाची सीमा कोणी आखावी?

निवडणूक म्हटली म्हणजे उमेदवार, सभा आणि मतदान एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु आपले मत कोणत्या गावांच्या मतांबरोबर मोजले जावयाचे, हे त्यापूर्वीच ठरून गेलेले असते. ते ठरविते मतदारसंघाची सीमा.

मी करमाळा तालुक्यातील केमचा रहिवासी. 2001 च्या जनगणनेवरून न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने केलेली पुनर्रचना 2009 च्या निवडणुकांत आमच्याकडे अंमलात आली. कुर्डुवाडी शहर व त्याभोवतालची माढा तालुक्यातील गावे करमाळा विधानसभा मतदारसंघात आली. लोकसभेचा पंढरपूर मतदारसंघ जाऊन माढा हा नवा झाला, आणि त्यात सातारा जिल्ह्यातील फलटण व माणही आले. कुर्डुवाडीशी आमचा आगगाडीचा संबंध जुना. पण उजनीच्या फुगवट्यालगतची गावे आणि माणचा अवर्षणग्रस्त मुलूख यांना खासदार एकच. हे योग्य की अयोग्य, हा वाद मी आज घालीत नाही. याहून निराळी आखणी शक्य होती काय, हे आपणांपैकी कोणास सांगता आले असते, एवढाच माझा प्रश्न आहे.

2002 च्या कायद्याप्रमाणे मतदारसंघ भौगोलिक दृष्ट्या सुसंहत असावा, प्रशासकीय सीमा, दळणवळण व लोकांची सोय पाहावी, आणि प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती ऐकाव्यात. म्हणजे अधिकार आहे. उणीव आहे ती साधनाची. ‘आमचे गाव तिकडे नको’ असे आपण लिहितो. पण ते काढल्यावर कमी पडणारी लोकसंख्या कोठून भरावयाची, या प्रश्नास आपणांजवळ उत्तर नसते. उत्तर चुकले असे म्हणणाऱ्या मुलास मी फळ्याशी बोलावून बरोबर उत्तर मांडावयास सांगत असे. नागरिकानेही तसेच करावयास हवे.

अमेरिकेत 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर गेरी यांच्या काळात पक्षहितासाठी मतदारसंघ इतके वेडेवाकडे आखले गेले की, त्या लबाडीस त्यांचेच नाव चिकटले. त्याच देशात मायकेल मॅकडोनाल्ड व मायका आल्टमन या विद्वानांच्या प्रयत्नांतून ‘डिस्ट्रिक्टबिल्डर’ हे मुक्त सॉफ्टवेअर निघाले, आणि 2011 मध्ये व्हर्जिनियातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्पर्धेत स्वतः मतदारसंघांचे नकाशे आखले. एक भाग इकडून तिकडे हलविला की दोन्हीकडची लोकसंख्या तत्काळ बदललेली दिसते. एकाची सोय ही दुसऱ्याची अडचण असू शकते, हा धडा व्याख्यानावाचून मिळतो.

यंत्राच्या नावाखाली लबाडी होणार नाही काय, असे कोणी विचारील. होईल, म्हणूनच सॉफ्टवेअर मुक्त हवे. ज्या तराजूची वजने कोणासही तपासता येतात, त्यावरच बाजाराचा विश्वास बसतो. शिवाय निर्णय यंत्राने घ्यावयाचा नाही. कोणता ओढा पावसाळ्यात वाट अडवितो, हे त्यास ठाऊक नसते. ते गावकऱ्यांनीच सांगावयाचे.

आरंभ लहान प्रमाणावर करावा. जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण व ग्रामपंचायतीचे प्रभाग यांच्या प्रारूप रचनेवरही हरकती मागविल्या जातात. ‘क्यूजीआयएस’ हे नकाशाचे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. सरकारने सीमा व लोकसंख्येचे आकडे केवळ चित्ररूपाने न देता संगणकास वाचता येतील असे द्यावेत, आणि गावच्या माध्यमिक शाळेने मुलांकडून एक पर्यायी नकाशा करवून घ्यावा. तो मान्य होईलच असे नाही. परंतु ज्याच्या हरकतीसोबत हिशेब आहे, त्याला नुसते ‘नाही’ म्हणून परत पाठविणे कोणासही अवघड जाईल.