दान आणि व्यवस्था
(किनवट येथील सभेंत केलेलें भाषण)



संकटसमयीं धान्य व पैसा यांच्याइतकीच उणीव व्यवस्थेची पडते, असें आमचें मत आहे. लातूर शहरीं सन २०१६ मध्यें काय घडलें तें पाहावें. पाणी मिरजेस होतें. तहान सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवर होती. मधलें काम कोणा एका खात्याचें नव्हतें. रेल्वेनें वाघिणी कोट्यास स्वच्छ करून आणल्या; मिरजेस त्या भरण्याची आणि लातुरास पाणी उतरवून, शुद्ध करून वाटण्याची तजवीज झाली. १२ एप्रिल रोजीं दहा वाघिणींतून पांच लक्ष लिटर पाणी पोहोंचलें. पुढें एकेका खेपेस पन्नास वाघिणी येऊं लागल्या. यांतील एक दुवा निखळता, तर गाडी रुळावर भरलेली व घागर दारांत रिकामी राहिली असती. मात्र मांजरा धरण आटत चालल्याचें आधींपासून दिसत असतां ही जुळणी ऐन उन्हाळ्यांत करावी लागली, हेंही विसरूं नये.

म्हणून सरकारकडे आमचें मागणें एवढेंच कीं, टंचाई येण्यापूर्वींच प्रत्येक कामास एक जबाबदार अधिकारी, ठरलेली तारीख व उघडा हिशेब असावा.

आणि आपणांस विनंती ही कीं, धान्याबरोबर वाहतूक व हिशेबनीस यांच्या खर्चासही हात लावावा. दात्यास हा खर्च रुचत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु आपल्या पेढीचा व्यवहार वहीवांचून एक दिवस तरी चालतो काय? पैनगंगेकांठच्या डोंगरवाडीपर्यंत न पोहोंचलेलें पोतें हें दान नव्हे. तो केवळ गोदामांतील माल होय.