मांस कोणते, आणि कोणत्या वाटेने आलेले?

उपासक-उपासिकांनो,

"बौद्ध झालात, मग मटण कसे खाता?" असे दर्यापूरच्या बाजारात कोणी विचारले, तर मान खाली घालू नका. बकरा, कोंबडी, पूर्णेतील मासळी हे मनुष्याचे प्राचीन अन्न आहे.

तथागतांनी भिक्षूंना हत्ती, घोडा, कुत्रा, साप, वाघ यांसह दहा प्रकारचे मांस वर्ज्य केले. इतर मांस आपल्याकरिता मारल्याचे पाहिले, ऐकले वा तसा संशय आला, तरच ते नाकारावे. देवदत्ताने मागितलेली सरसकट मांसबंदी त्यांनी मान्य केली नाही. हे नियम अर्थात भिक्षूंचे; गृहस्थाने पहिले शील स्मरून स्वतः ठरवावे.

मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी सोडावयास सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस. ढोर ओढण्याचे काम गावाने लादावे आणि त्याच्याच चान्या वाळवून आपण उन्हाळा काढावा! ते अन्न आपण निवडलेले नव्हते. दाम देऊन घेतलेल्या ताज्या मटणाला त्याच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

कायदाही माहीत असावा. महाराष्ट्रात गाईचा वध 1976 च्या कायद्याने बंद आहे आणि 2015 पासून बैलाचाही. म्हशीला ती बंदी नाही. मात्र दाखला लागतो.