कायद्याचे पुस्तक कोणाच्या कपाटात?

(कोयनानगर येथील सभेत केलेले भाषण)



येथून जवळच पसरलेल्या शिवाजीसागराच्या पाण्याखाली कोणाची घरे गेली, हे आपणांस सांगावयास नको. त्या काळी भूमिसंपादनाचा कायदा 1894 चा होता. त्यातील दोनच लहान तरतुदींविषयी मी बोलणार आहे. माणूस बहुधा लहान तरतुदींतच बुडतो.

मोबदला कमी वाटल्यास प्रकरण न्यायालयाकडे पाठवा, असा अर्ज कलेक्टरकडे करण्याचा हक्क अठराव्या कलमाने दिला होता. परंतु निवाड्याच्या वेळी मालक हजर असेल, तर मुदत अवघी सहा आठवड्यांची! शिवाय एकतिसाव्या कलमाप्रमाणे, ज्याने रक्कम घेताना निषेध नोंदविला नाही त्याचा हा हक्कच संपला. 'निषेध नोंदवून स्वीकारली' एवढे शब्द पावतीवर असले की दार उघडे. मुकाट्याने अंगठा उठविला की ते बंद. आता मला सांगा, खोऱ्यातील वाडीवर हे शब्द कोण सांगणार होते? कायदा इंग्रजीत आणि पुस्तक वकिलांच्या ग्रंथालयात. कायदा ठाऊक नव्हता, ही सबब मात्र न्यायालय ऐकत नाही. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने 1976 साली केला, तेव्हा धरण उभे राहून दशक लोटले होते. आणि 2018 सालीही धरणग्रस्तांना याच कोयनानगरात आंदोलनास बसावे लागले.

तो जुना कायदा जाऊन 1 जानेवारी 2014 पासून 2013 चा कायदा लागू झाला. सहा आठवड्यांची मुदत व निषेधाची अट त्यातही आहेच. मात्र पुरेसे कारण दाखविल्यास कलेक्टर आणखी एका वर्षाच्या आत आलेला अर्ज घेऊ शकतो. शेजाऱ्याने दाद मागून वाढीव मोबदला मिळविला, तर त्याच अधिसूचनेतील ज्यांनी अर्ज केला नव्हता त्यांनाही त्र्याहत्तराव्या कलमाखाली तीन महिन्यांच्या आत फेरनिश्चिती मागता येते. पण शेजाऱ्याचा निकाल लागला, हे त्यांस कळावयास तर हवे!

आपल्या धर्मांतरितांची गोष्टही याहून निराळी नाही. 1950 च्या आदेशाने बौद्धांस अनुसूचित जातींत स्थान दिले नव्हते. ते 1990 च्या दुरुस्तीने मिळाले. तरीही 'बौद्ध झालात, मग सवलत कसली?' हे ऐकून कचेरीतून परतलेली मुले माझ्याकडे येतात. त्या दुरुस्तीची प्रत खिशात असती, तर ती टेबलावर ठेवता आली असती.

आज कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. कचेरीतील कागद दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अनुसूचित जातीच्या माणसास, तसेच कोणत्याही स्त्रीस, 1987 च्या कायद्याप्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे.

विहारात एक कपाट करा. त्यात मराठी संविधान, भूमिसंपादनाचा कायदा, माहिती अधिकाराचा कायदा आणि 1990 च्या दुरुस्तीची प्रत ठेवा. किल्ली एकाच्याच कमरेला नको. आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी, रविवारी वंदना झाल्यावर, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून एकेक कलम मोठ्याने वाचून घ्या.