तिसऱ्या माणसाची खाट
(नभोवाणीवरील भाषण)



सोलापूर हें शहर मुद्दाम पाहावयास कोणी येतो, असें आम्ही सोलापूरकरही छातीठोकपणें म्हणत नाहीं. परंतु सोलापुरांत मुक्काम करणाऱ्यांची संख्या मात्र मोठी आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आणि सरहद्दीपलीकडील गाणगापूर या चार क्षेत्रांच्या मध्यें हें गांव वसलेलें आहे. अक्कलकोट व तुळजापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर, पंढरपूर सुमारें सत्तर. तेव्हां सोलापुरास उतरावें आणि दोन-तीन दिवसांत देवदर्शनें उरकून परतावें, असा बेत पुण्या-मुंबईचीं कुटुंबें नेहमीं करतात. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत गाडी सुरू झाल्यानें तो बेत अधिकच सोपा झाला. पण देवदर्शनास दोघेंच सहसा निघत नाहींत. आजी असते, नातवंडें असतात, एखादी आत्या किंवा मावशी ऐन वेळीं सामील होते. आणि हॉटेलची खोली मात्र दोघांची असते! सवलतीच्या भाड्यांत घेतलेल्या या दोघांच्या खोलीचा आणि पांचांच्या कुटुंबाचा मेळ कसा घालावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या जुन्या धर्मशाळेला हा दोनाचा हिशेब ठाऊक नव्हता. पंढरपुरांत दिंडी मठांत उतरे, घरची मंडळी क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यांत उतरे. ओसरी केवढी आहे एवढेंच पाहिलें जाई. अर्थात् ती ओसरी सर्वांनाच मोकळी होती असें नव्हे. ज्यांना तेथें थारा नव्हता त्यांची आठवण ठेवून गाडगे महाराजांनीं पंढरपुरांत चोखामेळा धर्मशाळा उभारली, आणि १९४९ मध्यें ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हॉटेलाच्या दारांत कोणास जात विचारली जात नाहीं, हा त्याचा मोठा गुण मानला पाहिजे. तेथें विचारली जाते ती फक्त संख्या. आणि नेमकें तेंच खरें सांगण्यास आपण कचरतों.

हॉटेलवाल्याचा हिशेब आधीं समजून घेऊं. रिकामी खोली ही रात्र उलटली कीं वाया जाते. म्हणून ती रिकामी राहण्यापेक्षां कमी भाड्यानें गेलेली त्यास परवडते. सवलतीचा उगम एवढाच. पण तिसरा माणूस आला कीं गादी, चादर, धुलाई, पाणी, सकाळची न्याहारी यांचा खर्च माणसागणिक खराखुरा वाढतो. म्हणून मोठ्या अक्षरांतील सूट बहुधा दोघांच्या भाड्यापुरतीच असते, आणि जादा माणसाचा आकार पुरताच्या पुरता द्यावा लागतो.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, खोलीचें भाडें २,००० रुपये असून शेंकडा ४० सूट जातां १,२०० राहिले. जादा माणशी ६०० रुपये पडतात. कुटुंब तिघांचें असेल तर एकूण १,८०० रुपये होतात. दोन खोल्यांस २,४०० लागले असते. येथें एक खोली फायद्याची ठरते. पण कुटुंब चौघांचें असेल तर एका खोलीचेच २,४०० होतात, म्हणजे दोन खोल्यांइतकेच! मग दोघांनीं जमिनीवर कां निजावें? तेवढ्याच पैशांत चौघांना पलंग मिळतात आणि न्हाणीघरेंही दोन मिळतात. पहांटेच्या दर्शनास निघणाऱ्या कुटुंबास या दुसऱ्या न्हाणीघराचें मोल सांगावयास नको. मात्र खोल्या एकाच मजल्यावर, शेजारींशेजारीं असाव्यात, असें आधींच ठरवून घ्यावें. आजीची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि सुनेची पहिल्यावर, असें झालें तर वांचलेल्या पैशाचें सुख राहत नाहीं.

मुलांच्या बाबतींत प्रत्येक हॉटेलाचें शास्त्र निराळें आहे. कोठें पांच वर्षांपर्यंतचें मूल फुकट असतें, कोठें बारा वर्षांचा मुलगा पुरा माणूस धरतात. म्हणून आरक्षण करतांना मुलांचीं वयें खरीं लिहावींत, आणि ‘जादा गादी’ म्हणजे पलंग कीं नुसतें अंथरूण, तेंही विचारावें. सोलापुरी चादर उत्तम असते यांत शंका नाहीं; परंतु गुडघेदुखीच्या माणसास ती फरशीवर अंथरून देणें हा कांहीं पाहुणचार नव्हे.

कराकडेही लक्ष असावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर शेंकडा ५, आणि त्याहून अधिक भाड्याच्या खोलीवर शेंकडा १८ वस्तु व सेवा कर आहे. थंड हवेच्या ठिकाणीं कुटुंबासाठीं म्हणून ८,००० रुपयांची एकच प्रशस्त खोली घेतली तर करासह ९,४४० रुपये होतात. ४,००० च्या दोन खोल्या घेतल्या तर ८,४०० च होतात. फरक १,०४० रुपयांचा!

दूरध्वनीच्या पडद्यावर आरक्षण करतांना ‘फक्त एकच खोली शिल्लक’ अशी घाई पुष्कळदां केली जाते, किंवा अखेरच्या पायरीवर नवाच आकार पुढें येतो. अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार सांगून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं त्यांस मनाई केली आहे. तक्रारीसाठीं १९१५ हा क्रमांक आहे. खोली पक्की करण्यापूर्वीं प्रत्यक्ष हॉटेलाशीं बोलावें, माणसांची संख्या सांगावी, आणि उत्तर लेखी मागून घ्यावें. न परतीच्या अटीवर मिळणारी मोठी सूट कुटुंबांत लहान मूल वा आजारी माणूस असतां घेऊं नये, हें उत्तम.

मकरसंक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, आषाढी एकादशी आणि नवरात्र या दिवसांत सवलतीची आशाच धरूं नये. अशा वेळीं पंढरपूर व अक्कलकोट येथील संस्थांचीं भक्तनिवासें पाहावींत. तेथें अनेक खाटांच्या खोल्या असतात, पण त्याही आधींच मागाव्या लागतात. रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवरील विश्रांतिगृहेंही तिकिटाच्या क्रमांकावर घेतां येतात.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगावयाची आहे. दोघांची खोली घ्यावी, तिघांना मागाहून एकेक करून जिन्यानें वर न्यावें, ही युक्ति पुष्कळ सभ्य घरांत चातुर्य म्हणून सांगितली जाते. तिच्यामुळें वांचणारे पैसे थोडे असतात. पण रात्रीं आग लागली किंवा कोणाच्या छातींत दुखूं लागलें, तर हॉटेलचे लोक नोंदवहींतील नांवें पाहून माणसें शोधतात. ज्याचें नांव तेथें नाहीं, त्याला शोधावयास कोणी जात नाहीं. आणि असें न नोंदलेलें माणूस बहुधा घरांतील म्हातारें किंवा लहान मूलच असतें. शिवाय व्यवस्थापकास दिसूं नये म्हणून आजीला पायरीआड उभें करणें, हें तिच्या नातवंडांदेखत घडतें. यात्रा तिच्यासाठींच काढलेली असते. तेव्हां आरक्षणाच्या वहींत पहिलें नांव तिचें लिहावें, तिला खाट मिळेल अशी खोली पाहावी, आणि मग सवलतीचा विचार करावा.